भिकबाळीचा मुहूर्त

नवा कान टोचल्यावर त्यातलं कानातलं कधी बदलायचं, याबद्दल आमच्या घरात जितकी माणसं तितकी उत्तरं आहेत, आणि आपापल्या उत्तरावर सगळे ठाम आहेत. कान मात्र माझा आहे. उजवा, वरची कड, जिथे भिकबाळी घालतात ती जागा.

भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आणि तिनं फर्मान काढलं, "मामा, मला बोहल्यावर तू आणणार ना? मग भिकबाळी पाहिजे. आणि चापाची नको, खरी." चापाची म्हणजे तुळशीबागेत मिळते ती, दाबून बसवायची. ढोलपथकातली बरीच पोरं मिरवणुकीत तीच घालतात आणि कान लालबुंद झाला की गुपचूप खिशात टाकतात. मी गणपती उठल्यावर खरा कान टोचून घेतला. सप्टेंबर ते डिसेंबर, मधे चांगले तीन महिने. घरच्या हिशेबानं तीन महिन्यांत कान काय, मोडलेला हातसुद्धा जुळून येतो.

टोचणारा पोरगा कोपरापर्यंत गोंदवलेला, पण हात स्वच्छ आणि बोलणं मोजकं. कान टोचायची बंदूक त्याच्याकडे नव्हतीच. वरच्या भागात कुर्चा, म्हणजे हाडासारखी पण वाकणारी पट्टी असते, बंदुकीच्या धक्क्यानं ती चिरडते, म्हणून एकदाच वापरायची पोकळ सुई. मग टायटॅनियमचा एक छोटा दांडा, मागे चपटी चकती. दांडा मुद्दाम लांब ठेवलेला, कारण सुजेला जागा लागते. "दीड-दोन महिन्यांनी या, सूज उतरली असेल तर आखूड दांडा घालू. बाळी-कडी सहा महिने ते वर्षभर नाही."

"वर्ष?"

"सर, खालची मऊ पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरच्या कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती सावकाशच भरणार."

हा निकाल घरी वाचून दाखवला आणि अपिलं सुरू झाली. आईचं पहिलं. "काहीतरीच! तुझ्या बारशाला सोनारानं तार घातली, पंधरा दिवसांत सुकलं होतं." ती भोकं पुढे केव्हाच बुजली, हे तिच्या दृष्टीनं गौण. तिनं खोबरेल तेलात हळद कालवून वाटी पुढे केली आणि म्हणाली, "रोज फिरवत जा, नाहीतर मांसाला चिकटतं." फिरवायचं नाही, आत नुकती धरलेली कोवळी कातडी दर वेळी फाटते, हे मी सांगितलं. त्यावर ती वाटीकडे बघत राहिली. मेडिकलमधून ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी आणलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "पैसे देऊन मिठाचं पाणी? आपल्या घरात मीठ नाही का?"

काकांचं अपील थेट वरच्या कोर्टात. ते संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. "सुश्रुतसंहिता, सूत्रस्थान, अध्याय १६. दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालायला सांगितली आहे. आणि तुझा तो पोरगा म्हणतो वर्षभर हात लावू नका!" मी अध्याय काढून पाहिला. काका बरोबर होते. सुश्रुतानं मुलाचा उजवा कान आधी टोचा, मुलीचा डावा आधी, इथपर्यंत बारकावे दिलेत. पण टोचायची जागा त्यानं पाळीवरची सांगितलीय, जिथून ऊन आरपार दिसतं ती. मी गॅलरीत उभा राहिलो आणि बायकोला कान तपासायला लावला. तिनं नीट पाहिलं आणि निर्वाळा दिला, "ऊन सगळ्याच कानातून दिसतंय. तुझे कान मोठेच आहेत."

ताईचा रोज फोन. मुलीच्या लग्नाची यादी हातात असायची. "हॉलचा ॲडव्हान्स दिला, आचारी ठरला, तुझा कान सुकला का?"

इथे खरी गोम आहे, कारण कान सुकलेला दिसतोच. भोक बाहेरून आत भरत जातं. दोन्ही तोंडं आधी बरी होतात आणि मधला बोगदा कच्चाच राहतो. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी बुजवलेल्या खड्ड्यासारखं वरून गुळगुळीत डांबर, आत खडी हलतेय. घरी येणारा प्रत्येक जण वरचं डांबर पाहून "झालं की बरं!" म्हणतो आणि खात्री करायला बोट पुढे करतो. माणसं एरवी दुसऱ्याच्या कानाला हात लावत नाहीत. टोचला की तो सार्वजनिक होतो.

बाकी हाल सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. मी जन्मभर उजव्या कुशीवर झोपलेला माणूस. डाव्या कुशीवर वळलो की बायकोचं घोरणं समोरून ऐकू येतं. टीशर्ट काढताना अडकतो, टॉवेलचा दोरा अडकतो, हेल्मेट काढताना तर सर्वपितृ अमावास्या आठवते. सकाळी दांड्याभोवती पिवळसर खपली. ती पाहून आईनं "पू झाला" अशी घोषणा केली. ती वाळलेली लस होती, इतकंच. कान गरम होऊन ठणकायला लागला, सुजला, दाट हिरवट-पिवळा पू आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि कानातलं आपल्या हातानं उपसायचं नाही, नाहीतर तोंड मिटून पू आतच कोंडतो. कुर्चेतलं दुखणं कानाचा आकारही बिघडवून ठेवतं.

दोनेक महिन्यांनी दांडा आखूड करून घेतला. तो लांबच राहिला तर हलतो, अडकतो आणि भोक तिरकं होतं. काम क्षणभराचं, पण घरात त्याचा भलताच अर्थ निघाला. "बदललं ना? मग भिकबाळी का नाही?" सोनारानं तोवर ती घडवूनही ठेवली होती. २२ कॅरेटची तार, मोती, मधे माणिक. "आणा इकडे, पाच मिनिटांत घालून देतो," तो म्हणाला. बारीक तार, तिला मोत्यांचं वजन, शिवाय बाळी भोकात सारखी गोल फिरणार. मी बायकोकडे पाहिलं. तिनं कधीतरी दिवाळीसाठी घाई करून दुसऱ्या भोकातलं कानातलं बदललं होतं आणि ते भोक संक्रांतीपर्यंत पिकत राहिलं होतं.

"घाल," ती म्हणाली. "मांडवात कान पुसायला मी येणार नाही."

खरी भिकबाळी कपाटात गेली. तुळशीबागेतून चापाची आणली आणि उजवा कान अडलेला म्हणून ती डाव्या कानात लावली. भाचीनं एकदा निरखून पाहिलं आणि "चालेल रे मामा" म्हणून टाकलं. तिला त्या दिवशी इतर कामं होती.

अंतरपाटाशी तिला धरून उभा होतो. अक्षता नेमक्या टोचलेल्या कानावर येत होत्या. मंगलाष्टकांच्या दोन कडव्यांच्या मधे काका कानाशी येऊन पुटपुटले, "भिकबाळी उजव्या कानात असते."

जेवणाच्या पंक्तीत मी त्यांना मोबाइलवर माझा सेल्फी दाखवला. समोरच्या कॅमेऱ्यानं डावं-उजवं उलटवलं होतं, त्यामुळे भिकबाळी अगदी परंपरेला धरून होती.

काकांनी चष्मा वर सरकवला, फोटो मोठा केला आणि विचारलं, "मग घड्याळ उजव्या हातात कसं?"