प्यूजोचा पवित्रा

आमची गाडी मागून बघितली की एखादा पैलवान पाय फाकवून पवित्र्यात उभा राहिलाय असं वाटायचं. मागची दोन्ही चाकं वरून आत, खालून बाहेर. गल्लीत हे सगळ्यात आधी तात्यांच्या ध्यानात आलं. "वात आलाय हिला," ते म्हणाले, "तेल लावा."

गाडी म्हणजे प्यूजो ३०९, डिझेल. १९९४ ला ती आपल्याकडं आली. कल्याणच्या कारखान्यात तयार व्हायची, आणि चार-पाच वर्षांत तो खेळ आटोपला. मामांनी हौसेनं घेतलेली. गुडघे गेल्यावर त्यांनी ती मला दिली, आणि पाठोपाठ तिचेही गुडघे गेले.

मागच्या आडव्या नळीत दोन्ही बाजूंना सुयांसारख्या बारीक रोलरची बेअरिंग असतात. त्यात पाणी शिरलं की गंज धरतो, शाफ्ट झिजतो आणि चाक कलतं. सात पावसाळे मी गाडी आंब्याखाली उघड्यावर ठेवली होती, त्यामुळं चूक कुणाची हा वाद घरात फार रंगला नाही.

इंजिनाचा घोर नव्हता. १५२७ सीसीचं तेच डिझेल इंजिन पुढं मारुतीनं झेन आणि एस्टीममध्ये बसवलं होतं. भंगारात डिझेल झेन दिसली की मी पिंडाभोवती कावळ्यानं घालाव्यात तशा घिरट्या घालतो. पण मागच्या ॲक्सलला झेनचा काही उपयोग नाही.

एका रविवारी, रस्सा उकळायच्या आत चाकं मोकळी करू, अशा हिशेबानं बसलो. जॅक मुरुमात रुतला. शेवटी शेजारच्या तालमीतली चार पोरं आली, "एवढंच व्हय काका?" म्हणाली आणि गाडीचं बूड उचलून ठोकळ्यांवर ठेवून गेली. त्यानंतर जॅकनं माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही.

ह्या गाडीला मागं स्प्रिंगा नाहीत. लोखंडी कांबा असतात, त्या पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करतात. कांबेच्या टोकांना दाते. ज्या दात्यात होती त्याच दात्यात परत बसवायची, नाहीतर त्या बाजूची उंची बदलते. मी शहाण्यासारख्या खुणा केल्या. फक्त त्या लेकीच्या खडूनं केल्या. रात्री वळीव पडला.

दातांवरून आठवलं. गाडीच्या नाकावरचा सिंह मूळचा करवतींवरचा. प्यूजोवाले आधी करवती करायचे, आणि दातांची ताकद दाखवायला सिंह. १८७४ पासून मिरी दळायची यंत्रंही केली. हे सगळं मी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बायको वाटीत रस्सा ओतत म्हणाली, "मग मामांस्नी मिरीचंच यंत्र घ्यायला काय झालंतं?"

झिजलेले शाफ्ट पिशवीत घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवरच्या मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, शाफ्ट फिरवून बघितला.

"चरकाचा हाय?"

"गाडीचा. फ्रेंच."

"असंना का. लोखंडच हाय न्हवं?"

बुधवारी देतो म्हणाले. कुठल्या बुधवारी, ते विचारायचं राहिलं. चार बुधवार गाडी ठोकळ्यांवर होती. शेजारच्या काकींनी टपावर सांडगे वाळत घातले. तात्या रोज सकाळी दूध आणायला जाताना थांबून "उठली काय?" विचारायचे, जशी काही आतमध्ये आजी झोपली आहे.

शाफ्ट मात्र असे आले की हात लावायला जीव होईना. नवी बेअरिंग, ग्रीस, सगळं बसलं. राहिली चाकं. ह्या गाडीच्या हबला खुंटे नसतात, भोकं असतात. चाक मांडीवर घेऊन भोकासमोर भोक आणायचं आणि तिसऱ्या हातानं बोल्ट फिरवायचा. तिसरा हात लेकीचा होता. तिनं पहिला बोल्ट गटारात टाकला.

गाडी खाली उतरली. चाकं सरळ! फक्त मागची डावी बाजू चार बोटं वर. तात्यांनी लांबून डोळा मिटून बघितलं. "वात गेला," म्हणाले, "आता लंगडी घालालीया."

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. लेक पुढं बसली. परत येताना तरी पुढं ये, असं मी बायकोला म्हणालो. मागच्या डाव्या सीटवर ती ऐसपैस बसली होती.

"नको, मी हितंच बसतो," ती म्हणाली. "हितनं रंकाळा कठड्यावरनं दिसतोय."