तिकडे चालते का असं?

दर डिसेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच फोटो येतो. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालेलं असतं, बर्डीत मोर्चा अडवलेला असतो आणि माझा मामेभाऊ उड्डाणपुलावर अडकलेला असतो. खाली माझ्यासाठी एक ओळ: "तू सांग बाई, तिकडे चालते का असं?"

तिकडे म्हणजे कार्ल्सरुहे. जर्मनीचं संघीय घटना न्यायालय याच गावात आहे. आणि चालते, दादा. जानेवारी २०२४ मध्ये डिझेलवरच्या सवलतीसाठी शेतकऱ्यांनी देशभर रस्त्यांवर ट्रॅक्टर उतरवले, तेव्हा आमची ट्राम मधेच थांबली. "पुढे निदर्शनं आहेत, उतरून चालत जा," एवढंच चालक म्हणाला. शेजारच्या आजी कुरकुरल्या, पण थंडीवर. मी ऑफिसात चाळीस मिनिटं उशिरा पोचले, साहेबांनी कारणसुद्धा विचारलं नाही.

इथे मोर्च्यासाठी परवानगी मागावी लागत नाही, कळवावं लागतं. जाहीर करण्याच्या ४८ तास आधी प्रशासनाला सांगायचं. त्यांना हरकत असेल तर कारण त्यांनी द्यायचं. अचानक काही घडलं आणि लोक उत्स्फूर्तपणे जमले, तर केवळ आधी कळवलं नाही म्हणून त्यांना पांगवता येत नाही, असं याच गावातल्या न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं. एका अणुवीज केंद्राविरुद्धच्या निदर्शनांवर बंदी घातली होती, त्या प्रकरणात.

आपल्याकडचा कायदा तरी कुठे फार वेगळा आहे? शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे. रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, पण हक्कच गिळू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा खटल्यात म्हटलं. तो खटला मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमावरूनच उभा राहिला होता, म्हणजे आपल्याच कायद्याच्या! फरक सवयीचा आहे. इथे गृहीत धरतात की लोक येणार, तेव्हा ट्राम वळवा. आपण गृहीत धरतो की मोर्चा म्हणजे बॅरिकेड.

दादाचं सगळं चूक नाही. अ‍ॅम्ब्युलन्स अडकली तर मीही चिडेन. पण अधिवेशन नागपुरात भरतं ते १९५३ च्या नागपूर करारामुळे. मुंबईचं तिकीट ज्याला परवडत नाही, त्याला सरकार वर्षातून एकदा एसटीच्या भाड्यात भेटावं, हा माझ्या लेखी त्या कराराचा अर्थ. त्या माणसाला टेकडी रोडवरच थांबवायचं, तर सरकारने तरी एवढ्या लांब कशाला यावं?

आणि दादा ज्या पुलावरून फोटो काढतो, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाजवळ अडवला होता. अनुसूचित जमातीचा दर्जा द्या, एवढीच मागणी. लोक निवेदन घ्यायला कोणीतरी येईल म्हणून थांबून राहिले. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बायका आणि लहान पोरं त्यात पुष्कळ. पुढे २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने मागणी मान्य केली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या निकालावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. निवेदन घ्यायला वेळेत कोणी खाली उतरलं असतं तर, हे मात्र दर वर्षी तो फोटो पाहून मनात येतं.

जर्मनीची आरती ओवाळायची नाही मला. इथल्या घटनेचं कलम ८ हा हक्क देतं ते 'सर्व जर्मनांना'. माझ्यासारखीला तो साध्या कायद्याने मिळतो, घटनेने नाही. आपलं कलम १९ सुद्धा फक्त नागरिकांसाठी आहे म्हणा. म्हणजे घटनेने दिलेला माझा मोर्च्याचा हक्क आजही नागपुरात आहे आणि मी इथे.

जर्मन नागरिकत्वाचा अर्ज वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून आहे. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही. सही केली की ८ मिळणार आणि १९ जाणार. नवरा हसतो, "तू कधी गेली होतीस मोर्च्यात?" नाही गेले. आमच्यासाठी मोर्चा म्हणजे शाळा लवकर सुटणं.