रिकामं वर्तुळ

आज दुपारी ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. भाचीच्या शाळेत 'गिफ्टेड' मुलांचा वेगळा वर्ग निघतोय. त्यासाठी सर्जनशीलतेची चाचणी झाली आणि आमची चौथीतली पोर त्यात बसली नाही. शेरा काय, तर 'मौलिकता : कमी'. मौलिकता कमी! हिची! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर लांबलं.

चाचणी दिसायला साधी. कागदावर नुसती वर्तुळं छापलेली. दहा मिनिटांत जमतील तितक्या वर्तुळांची चित्रं करायची आणि खाली नाव लिहायचं. आमच्या बाईसाहेबांनी पहिल्याचं चाक केलं, दुसऱ्याचं मांजर केलं आणि तिसरं कोरं ठेवून उरलेला सगळा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. ताईनं घरी विचारलं, अगं तिसरं का नाही काढलंस? "काढलं की! बेडूक विहिरीच्या तळाशी बसलाय ना, त्याला वर जे आकाश दिसतं ते आहे ते." मग नाव तरी लिहायचंस! "खाली लिहिलं असतं तर विहिरीच्या भिंतीवर लिहिल्यासारखं झालं असतं."

आपण त्या बेडकाला 'कूपमंडूक' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिणवत आलो. हिला त्याच्या शेजारी बसून वर बघावंसं वाटलं. आणि तपासणाऱ्यानं काय केलं? कोरं दिसलं, शून्य दिलं, पान उलटलं.

हो, सूचनेत 'नाव लिहा' असं स्पष्ट होतं. लिहायला हवं होतं तिनं. मान्य. पुढे.

या सगळ्या चाचण्यांचं वळण एकच. गिल्फर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० साली आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना खडसावलं की तुम्ही सर्जनशीलतेकडे दुर्लक्ष करताय. १९६६ मध्ये टॉरन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची सर्जनशीलतेची चाचणी आली, आणि मग मोजमाप ठरूनच गेलं : उत्तरं किती, किती तऱ्हेची, किती वेगळी, बारकावे किती. ऐकायला झकास. पण 'वेगळं' कसं ठरवतात माहितीये? आधी पुष्कळ मुलांची उत्तरं गोळा करून नेहमीच्या उत्तरांची यादी करायची. यादीतलं काही काढलंत की मौलिकतेचा गुण गेला. आता मला सांगा, यादी कुठल्या मुलांची? ज्या पोराच्या घरी रोज कुंभाराचं चाक फिरतं, त्यानं डोळ्यांसमोरचंच काढलं तरी ते 'दुर्मीळ' ठरू शकतं. आणि एखाद्यानं कधीही न पाहिलेली वस्तू स्वतःच्या डोक्यातून काढली, पण ती यादीतल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली निघाली, तर तो सामान्य! शिवाय जितकी उत्तरं जास्त, तितकं त्यातलं एखादं दुर्मीळ निघायची शक्यता जास्त. म्हणजे भराभर हात चालवणारा दोन्हीकडून कमावणार आणि एकाच वर्तुळात रमलेली पोर दोन्हीकडून गमावणार.

तिच्याच वर्गातल्या एका मुलाकडून घरच्यांनी महिनाभर वर्तुळं भरून घेतली होती म्हणे. तो निवडला गेला. त्या लेकराचा काही दोष नाही, त्याच्याबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. पण घोकून घेतलेली मौलिकता, हे काय प्रकरण आहे हो?

तुम्ही म्हणाल, मग बुद्ध्यांकच बरा का? अजिबात नाही. टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये बुद्ध्यांक लावून असामान्य मुलं निवडायला घेतली, तेव्हा शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं त्याच्या चाळणीतून गळली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. आणि भाषा कच्ची असलेल्या मुलाला चित्रांच्या चाचणीत निदान संधी तरी मिळते, हेही खरंय. बरं बाबा, खरंय.

पण मग घड्याळ कशाला? वॉलक आणि कोगन या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ सालीच म्हटलं होतं की ही तपासणी परीक्षेसारखी घेऊ नका, खेळासारखी घ्या, वेळेचं बंधन ठेवू नका. साठ वर्षं झाली. तसं करायचं तर एकेका मुलाजवळ बसावं लागतं, 'हे काय काढलंयस गं?' एवढं विचारावं लागतं. तेवढा वेळ कुणाकडे आहे? गठ्ठा तपासून मोकळं व्हायचं असतं ना!

लिहितालिहिता उठून ताईकडे जाऊन आले. जरा निवलेय. पोर मजेत होती, निकालाचं तिला फारसं काही नव्हतंच. फक्त माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मावशी, त्यांना बेडूक नाही का दिसला?"

मी म्हटलं, अगं, तू बेडूक काढलाच कुठे होतास?

"तो कसा दिसेल? आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय ना."

ताई बजावतेय, शाळेत जाऊन भांडू नकोस. उद्याची रजा टाकलीये मी.