शेवळं, काकडं आणि व्यासपीठ

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात लखनौच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय लोकजीवशास्त्र (म्हणजे झाडं-प्राण्यांबद्दलच्या लोकांच्या पारंपरिक ज्ञानाचा अभ्यास) परिषदेची आठवण काढून 'ती पुन्हा भारतात भरवा' असं म्हटलंय. जरूर भरवा. पण या परिषदा १९८८ साली ब्राझीलमधल्या बेलेमला सुरू झाल्या, तेव्हाच्या जाहीरनाम्यातच स्थानिक लोकांना त्यांच्या ज्ञानाचा मोबदला मिळावा अशी मागणी होती. आपल्याकडे यजमानपद म्हणजे शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची वाट बघणं.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात रानभाज्यांच्या चर्चासत्राला गेलो होतो. कर्जतकडच्या एक ठाकर आदिवासी मावशी शेवळं ही रानभाजी घेऊन आल्या होत्या. टेबलावर लॅटिन नावाची चिठ्ठी, मावशींचं नाव कुठेच नाही. शेवळांशेजारची काकडं, म्हणजे त्या भाजीत घालायची आंबट फळं, तर कुणा स्वयंसेवकाने कचरा समजून टाकून दिली! "अरे बाबा, त्याच्याशिवाय खाल तर घसा खाजून खाजून बेजार व्हाल," मावशी म्हणाल्या. तीन तासांत कामाचं वाक्य हे एवढंच. प्रमाणपत्र मिळालं तेही इंग्रजीत, आणि एसटीचं भाडं मात्र पदरचं.

तेव्हा आधी ठाकरी, कातकरी, गोंडी समजणारे दुभाषे शोधा. हॉल काय, नंतरही मिळतो.