वचन आपलं, आज्ञा शेजाऱ्याची

बायबल रोज वाचायचं, आवडत्या वचनांखाली लाल पेनानं रेघा मारायच्या आणि तरीही वागण्यात तसूभर फरक पडू द्यायचा नाही, हे वाटतं तेवढं अवघड नाही. आपल्यातल्या कित्येक घराण्यांनी तीन-तीन पिढ्या हे निभावून नेलंय. तुम्ही नवखे असाल, किंवा हल्ली अधूनमधून मन टोचायला लागलं असेल, तर पुढचं नीट वाचा.

सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे. शास्त्रातली आशीर्वादाची वचनं आपल्यासाठी लिहिलेली असतात आणि आज्ञेची वचनं शेजारच्या बाकावर बसलेल्यांसाठी. एवढं पक्कं झालं की कुठलाही उपदेश अंगाला लागत नाही. उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेब उभे असतात. त्यांचा हात हातात घेऊन म्हणावं, "आजचा संदेश फार भारी झाला, साहेब. आमच्या वहिनी आज यायला हव्या होत्या." साहेबांना बरं वाटतं. वहिनींना निरोप पोचतो. आपण मोकळे.

आता वचनपेटीकडे वळू. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पेटी फिरते आणि प्रत्येकजण वर्षभराचं वचन उचलतो. ही कार्डं एकदा बारकाईनं बघा. सोनेरी कडा, मागे गव्हाचं शेत नाहीतर बर्फाचा डोंगर, आणि मधोमध वचन. श्रीमंत तरुणाला येशूनं सांगितलेलं, असेल ते विकून गोरगरिबांना दे, हे वचन कुठल्याच कार्डावर सापडायचं नाही. छापणाऱ्यालाही बाजार कळतो. तरी एखाद्या वर्षी, जगात तुम्हांला क्लेश होतील, असं सांगणारं योहानातलं वचन हाती येतंच. अशा वेळी गोंधळायचं नाही. 'दोन कार्डं चिकटली होती वाटतं,' असं पुटपुटत ते परत सारावं आणि दुसरं उचलावं. काळोखात, मेणबत्तीच्या उजेडात, कोण बघतंय?

सर्वांत मागणी असते यिर्मयाच्या २९व्या अध्यायातल्या ११व्या वचनाला. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो. फ्लॅटची चावी, व्हिसा, मुलाची इंजिनिअरिंगची सीट, कशालाही हे वचन बसतं. फक्त एक पथ्य पाळा. ११वं वाचायचं, १०वं वाचायचं नाही. १०व्यात लिहिलंय की बाबेलात ७० वर्षं भरल्यावर मी तुमची दखल घेईन. म्हणजे बाबेलात कैद करून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयाचं हे पत्र आलं त्यातले बहुतेक तिथेच, परक्या मुलखात, मरणार होते. त्याच्या थोडं वर असंही म्हटलंय की घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि तुमच्या आवडीची स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या नादी लागू नका. आवडीची स्वप्नं सांगणाऱ्यांचं तर आपल्याकडे दर महिन्याला मैदानात शिबिर असतं, स्टेजवर धूर सोडायचं यंत्रही असतं. तेव्हा ही वरची वचनं न वाचलेली बरी.

फिलिप्पैकरांसच्या चौथ्या अध्यायाचंही तेच. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे बारावीच्या हॉल तिकिटामागे लिहायला झकास आहे. प्रेषित पौल हे पत्र बेड्यांत असताना लिहितोय, आणि आदल्याच वचनात 'उपाशी राहायलाही शिकलोय' म्हणतोय, हे पोराला परीक्षेच्या तोंडावर सांगून त्याचा उत्साह कशाला घालवायचा?

असं वचन मागचं-पुढचं तोडून वापरणं बरं नव्हे, असं कोणी म्हणालंच तर सांगा की ही पद्धत फार जुनी आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागी उभं राहून एकानं ९१व्या स्तोत्रातलं वचन असंच पाठ, न अडखळता म्हणून दाखवलं होतं. तो सैतान होता, हे सांगायची गरज नाही. पाठांतर उत्तम होतं एवढंच लक्षात ठेवा.

घरात शास्त्राचा उपयोग करायचा तर इफिसकरांसचा पाचवा अध्याय हाताशी असावा. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे २२व्या वचनापासून २४व्यापर्यंत आहे. कौटुंबिक प्रार्थनेत हे भारदस्त आवाजात वाचावं, २४व्याशी थांबावं आणि 'प्रभू आपल्या वचनाला आशीर्वाद देवो' म्हणून पुस्तक मिटावं. २५व्यापासून नवऱ्यांची पाळी येते आणि ती अध्याय संपेपर्यंत चालते. ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला अर्पण केलं तशी प्रीती करायची म्हणे. रात्री साडेनऊला, भांडी पडलेली असताना, एवढं लांब कोण वाचणार? आणि २१व्या वचनात तर एकमेकांच्या अधीन राहा असं लिहिलंय. तिथे बोटाचा ठसा उमटून अक्षर पुसट झालं असेल तर उत्तमच.

आता जरा कौशल्याचं काम. कुणाबद्दल काही बोलायचंय, आणि पाप तर लागायला नको. मत्तयाच्या १८व्या अध्यायात रीत दिली आहे: भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोला, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, त्यानंतर मंडळीला सांगा. ही रीत आपण पाळतोच, फक्त उलट्या क्रमानं. गुरुवारी दुपारी महिला मंडळाची प्रार्थनासभा असते. एक गीत होतं, चहा गॅसवर चढतो, आणि पुढारीणबाई विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" इथे आवाज खाली आणायचा. "आपल्या त्या कोपऱ्यावरच्या घरासाठी प्रार्थना करू या. नाव नाही घेत." सगळ्या माना वळतात, कारण कोपऱ्यावर घर एकच आहे. "मुलगी रात्री साडेअकराला येते. कोण सोडायला येतं ते प्रभूला ठाऊक." प्रभूला ठाऊक आहे, गाडीचा नंबर मात्र सांगणारीला ठाऊक असतो. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं, कुठं बोलू नका." मग डोळे मिटून पाच मिनिटं त्या मुलीसाठी कळवळून प्रार्थना होते, त्यात राहिलेला तपशील देवाला सांगितला जातो, आणि मिटल्या डोळ्यांनी सगळ्याजणी तो ऐकतात. संध्याकाळपर्यंत अख्खा कंपाउंड प्रार्थनेत सामील झालेला असतो. त्या मुलीला बीपीओत रात्रपाळी आहे आणि सोडायला कंपनीची गाडी येते, हे विचारायला कुणी गेलेलं नसतं. ती पायरी सर्वांत शेवटची, तोवर नाताळ येतो.

वाटणीचं प्रकरण असेल तर शास्त्र जपून वापरा. वडिलांचं घर, दोन भाऊ, दिवाणी कोर्टात दावा, पुढची तारीख जूनमध्ये. एवढं जवळपास प्रत्येक मंडळीत असतं, कुठे कुठे तर खुद्द चर्चच्या जागेसाठीही असतं. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय, तिथे पौल विचारतो की विश्वासणारे एकमेकांवर फिर्यादी कसल्या करता, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पौलाला गावठाणातल्या तीन गुंठ्यांचा आजचा भाव माहीत नव्हता, हे आपण समजून घ्यायला हवं. एक माणूस तर थेट येशूकडेच असला दावा घेऊन गेला होता, की माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. लूकच्या १२व्या अध्यायात आहे. येशू म्हणाला, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं? वर लोभाबद्दल ऐकवलं आणि कोठारं वाढवायला निघालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, ज्याला त्याच रात्री बोलावणं आलं. बघा, सल्ला मागायला गेलं की हे असं होतं. त्यापेक्षा वकील बरा.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. वेदीवर अर्पण आणलं आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, ही डोंगरावरच्या प्रवचनातली आज्ञा शब्दशः पाळली तर अर्ध्या बाकांवर कोणी उरायचं नाही आणि उपासना दुपारी तीनला संपेल. म्हणून व्यवहारी तोडगा असा निघालाय की थोरल्यानं उजवीकडच्या रांगेतून जायचं, धाकट्यानं डावीकडच्या. प्रत्येकानं आपली परीक्षा करावी, असं पाळकसाहेब म्हणतात तेव्हा दोघंही मान खाली घालतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतात, तो उठला का? बोटाच्या पेराएवढा प्याला असतो. एका घोटात संपतो. परत जागेवर येताना नजर जमिनीवर ठेवली की भक्तिभावही दिसतो आणि भाऊही दिसत नाही.

दानाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते भिंतीवर लिहिलेलंच आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं म्हटलंय; मंडळीला कळू नये असं कुठे म्हटलंय? पंख्याच्या पात्यावर नाव असतं तेव्हा पंखा बंद ठेवावा लागतो, एवढीच अडचण. दशमांशाच्या, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा द्यायच्या, रविवारी मलाखीचा तिसरा अध्याय वाचतात, १०वं वचन, भांडारात आणा आणि आकाशकपाटं उघडतात की नाही ते बघा. त्याच अध्यायातलं पाचवं वचन वाचलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही. मजुराची मजुरी अडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा, पोरके आणि परके यांना छळणाऱ्यांविरुद्ध देव स्वतः साक्षीदार होऊन उभा राहील, असं ते आहे. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी चार खाडे केले, त्याचे पैसे महिनाअखेर कापून घेतले, आणि त्यातूनच अर्पणाचं पाकीट भरलं, तर ते पाचव्यात बसतं की दहाव्यात, याचा निर्णय चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीवर सोडू या.

लग्नाच्या बैठकीत गलतीकरांसचा तिसरा अध्याय उघडू नये. यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्त येशूत एकच आहात, हे पत्रिकेवर सुंदर दिसतं. पण पत्रिका छापण्याआधी पोह्यांची बशी पुढे सरकवत एक प्रश्न विचारायचा असतो: "तुम्ही मूळचे कुठले?" समोरचा भाबडेपणानं शेवगाव किंवा नेवासा म्हणेल. तेव्हा हसून पुन्हा विचारायचं, "हो, पण मूळचे?" चार पिढ्यांपूर्वी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेताना कोणत्या वाड्यातून कोण आलं, हे मिशनच्या रजिस्टरात सापडलं नाही तरी आत्याला सापडतं. आत्याला नव्या कराराचे २७ ग्रंथ क्रमानं पाठ आहेत, हे आवर्जून सांगतो.

काही माणसांपासून मात्र दूर राहा. पंडिता रमाबाई, उदाहरणार्थ. १८९६-९७च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणते, त्यांना केडगावला ठेवते, शिकवते, मग हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवायला बसते आणि त्याच्या छपाईचे खिळे जुळवायला त्याच बायकांना बसवते. १९२२ मध्ये गेली, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. कवी नारायण वामन टिळक तसलेच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडून बसले. या लोकांना आज्ञा आणि आशीर्वाद वेगळे काढायची कलाच अवगत नव्हती. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न आपण छान सोडवलाय: एकीचा फोटो हॉलमध्ये लावला आणि दुसऱ्याची भजनं पेटी-तबल्यावर बसवली. चाली इतक्या गोड आहेत की शब्दांकडे लक्ष जात नाही.

राहता राहिला नाताळचा कार्यक्रम. नगरसेवक येणार, त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत सोफा, शाल, नारळ. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगल्या जागी बसवता आणि गरिबाला म्हणता तिथे उभा राहा, हे याकोबानं दुसऱ्या अध्यायात लिहिलंय खरं, पण त्याला मंडप-परवानगी काढावी लागली नव्हती. संडे स्कूलच्या मुलांचं नाटक ठेवा. जक्कयाचं ठेवा. बुटका जकातदार, उंबराचं झाड, पुठ्ठ्याची पानं, येशू म्हणतो खाली उतर, टाळ्या पडतात. मग जेवणाचा प्रवेश. लूकच्या १९व्या अध्यायात आठव्या वचनात जक्कय उभा राहतो आणि म्हणतो, माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. समोर सोफ्यावर कोण बसलंय, त्यांच्या मागे पंचकमिटीचे खजिनदार, त्यांच्या मागे ते दोघे भाऊ, याचा विचार करा. पडदा ओढणाऱ्या मुलाला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा: जक्कय जेवता जेवता उभा राहायला लागला, की दोरी ओढायची.