गर्दीत लपणारा चेलो

भारतात पाश्चात्त्य वाद्यं शिकवणाऱ्यांमध्ये एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. ग्रेडची, म्हणजे वादनाच्या टप्प्याटप्प्याची, परीक्षा एकट्यानेच द्यायची असते, मग चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य) शिकणाऱ्या मुलांना वीस-पंचवीस जणांत बसवून काय साधतं? उलट कच्चा विद्यार्थी गर्दीत लपतो आणि सूर बिघडवून घरी येतो. इकडे इंग्लंडमध्ये आसपासच्या गावांतले चेलोवादक, शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत, एखाद्या शनिवारी हॉल घेऊन दिवसभर एकत्र वाजवतात. इथे तो प्रश्न कुणाला पडत नाही. पडायला मात्र हवा.

कारण लपणं खरंच घडतं. पण दोष वाटपाचा असतो. चार आवाजांच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या चार वेगळ्या ओळींच्या, रचनेला 16 जण असले की आयोजक चार-चार करून मोकळे होतात. चेलोंचा पोत एकच, त्यामुळे खालचा आवाज अशक्त असला की वरचे अधांतरी राहतात. वर 3, मध्ये 4-4 आणि खर्जाला 5, हे बरं. वरचा भाग अंगठा तारेवर टेकवून वाजवायचा, तिथे तयार हातच हवेत. नवशिक्यांना पहिल्या पोझिशनमधला, म्हणजे हात खुंट्यांकडच्या टोकाशी ठेवून वाजवायचा, भाग द्यावा. पण त्या सगळ्यांना खर्जावर ढकलणं ही नेहमीची चूक. चेलोच्या चार तारांपैकी (खालून सी, जी, डी, ए) सी तार जाड, बोलायला वेळ लावते, आणि नवखा हात गजही हळू टाकतो. मग अख्खा ताफा मागे रेंगाळतो. त्या ओळीत एक तरी पक्का वादक हवाच.

सूर बिघडतो, हा आक्षेप मात्र मला उलटा वाटतो. डी तारेवर पहिल्या बोटाने ई धरा आणि मोकळ्या ए तारेशी तंतोतंत जुळवा. आता बोट न हलवता तोच ई मोकळ्या जी तारेबरोबर वाजवा. चढा लागतो. 22 सेंटचा (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक सेंट) फरक, म्हणजे पूर्ण मापाच्या चेलोवर बोट सात-आठ मिलिमीटर मागे घ्यावं लागतं. पियानोच्या साथीने परीक्षेची तयारी करणाऱ्याला हे सहसा कळतच नाही, कारण पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट चढाच असतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्याच्या कानात बसलाय, त्याला सी-ई-जी, म्हणजे सा-ग-प, धरलेल्या बारा चेलोंत ई कुठे बसतो हे सांगावं लागत नाही. ही शिदोरी आपल्याकडे असताना आपणच समूहवादनाला नाकं मुरडावीत, याची गंमत वाटते.

अर्थात, वीस जण एकदम खुंट्या पिळायला लागले तर कुणालाच स्वतःचं ऐकू येणार नाही. एकाच चेलोचा ए, एकेक ओळ, बाकीचे गप्प. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

रचनांचा हव्यासही नको. जर्मन चेलोवादक-संगीतकार क्लेंगेलचा 1920 चा 12 चेलोंसाठीचा ‘हिम्नुस’ सगळ्यांना खुणावतो. बर्लिन फिलहार्मोनिकच्या बारा चेलिस्टांचा ताफा 1972 मध्ये त्याच रचनेवरून उभा राहिला. पण तिथे प्रत्येक आवाजाला एकटं उभं राहता यायला हवं. मिश्र तयारीच्या गटाने तीन-चार आवाजांचं काही घ्यावं.

मास्टरक्लासच्या बाबतीत मात्र मी भारतातल्या शंकेखोरांच्या बाजूला. चारचौघांत चुका काढून शिकवण्याचं इथे फार कौतुक. अर्धा तास मिळतो, त्यातली बारा मिनिटं अख्खी मूव्हमेंट (रचनेचा एक पूर्ण भाग) वाजवण्यात जातात, मग पाहुणे कलाकार बोटं, गज आणि बसण्याची पद्धत एकदमच बदलायला लावतात. सहा-सात मिनिटांचा तुकडा, एकच मुद्दा, आणि प्रेक्षकांच्या हातात त्याच पानांच्या प्रती, एवढं पाळलं तर ऐकणाऱ्यालाही काही मिळतं. आणि ज्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, त्याला त्या खुर्चीत बसवूच नये.