प्रिंटरला स्क्रीन हवीच कशाला?

"तीन इंचाच्या स्क्रीनसाठी कोण जास्तीचे पैसे मोजतं? खिशात सहा इंचाची आहे की!" सोन्यानं चहाचा ग्लास ओट्यावर ठेवला आणि विषय संपला अशा थाटात हात झटकले. विषय खरं तर तिथूनच सुरू झाला.

आमचा कट्टा म्हणजे पेरूगेटजवळचा, अमृततुल्यच्या शेजारचा दगडी ओटा. साडेसातनंतर एकेक जण येतो. नाना वयानं सगळ्यांत मोठे, तीस वर्षं फोटो लॅबमध्ये काढलेले. बापू बँकेत, ताई शाळेत, सोन्या आयटीत, रोज हिंजवडीचं ट्रॅफिक पचवून येणारा. घरी फोटो छापायला प्रिंटर घ्यायचाय आणि तो स्क्रीनवालाच घेणार, एवढंच मी म्हणालो होतो.

कारण आई. आई ७८ वर्षांची आहे. फोन आला की उचलते, व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलते. पण गॅलरी उघडून एखादा फोटो शोधायचा म्हटला की तिचं बोट थरथरतं, एकावर टेकवायला जावं तर दुसराच उघडतो, मग सगळंच बंद होतं. "जाऊ दे, तूच बघ," म्हणून फोन माझ्या हातात परत. वर्षभरात घरात हजारो फोटो निघाले असतील. आईच्या हातात त्यातला एकही पडलेला नाही. कपाटातला जुना अल्बम मात्र ती दर रविवारी काढते, हे मला डाचत होतं.

"मग फोनवरून तू काढून दे ना," सोन्या म्हणाला. "ॲप असतं, वायफाय असतं. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचंच आहे रे, पण वर्षभरात केलं का मी?"

यावर तो गप्प बसला. नाना नाही बसले.

"अरे, पण घरात प्रिंटर आणायचाच कशाला? पेनड्राइव्ह घे, लॅबमध्ये दे, शंभर फोटो एकदम काढ. लॅबचा कागद तो कागद. घरी काढलेला फोटो लॅबपेक्षा महागच पडणार, आजही, उद्याही."

नानांचं हे म्हणणं खोडता येत नाही. भरपूर फोटो काढायचे असतील तर लॅबच स्वस्त. शिवाय घरच्या प्रिंटरनं मला एकदा चांगलंच पोळलंय. शाईचा एक प्रिंटर घेतला होता. दिवाळीत पाच-सहा फोटो काढले आणि झाकून ठेवला. मे महिन्यात भाच्याच्या मुंजीचे फोटो काढायला बसलो तर सगळ्या चेहऱ्यांवर आडवे पांढरे पट्टे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई सोडणाऱ्या हेडची बारीक भोकं सुकून बसली होती. हेड साफ करायची कमांड चार वेळा दिली, तर त्यातच निम्मी शाई गेली. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि प्रिंटर माळ्यावर टाकला.

"चूक तुझी," नाना म्हणाले. "शाईच्या प्रिंटरला आठवड्यातून एक तरी रंगीत पान खायला घालायचं असतं. तेवढं करणार असशील तर तो घे, नाहीतर नको."

इथे बापू बोलला. तो बोलतो कमी, पण बोलायच्या आधी नीट माहिती काढून येतो. त्याच्या मेहुण्याकडे कॅननचा सेल्फी सीपी१३०० आहे. त्यात शाई नसतेच, म्हणाला. रंग लावलेली रिबिन असते, डाय-सब्लिमेशन म्हणतात त्याला. सहा महिने बंद ठेवला तरी सुकायला आत काही नाही.

"शाई नाही तर रंग येतो कुठून?" ताईंनी विचारलं.

"गुरुवारी आणतो. बघाच."

आणि खरंच आणला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. अमृततुल्यच्या मालकांनी एक्स्टेंशन दिलं, वर "आमच्या घरचाबी एक काढा," म्हणाले. बापूनं प्रिंटर ओट्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि लगेच वीतभर पुढे ओढला. "मागे मोकळं लागतं. कागद मागून बाहेर येतो, अडला की गेला."

खाचेत कॅमेऱ्याचं एसडी कार्ड सरकवलं. स्क्रीन, तीच सव्वातीन इंची, उचलून तिरकी केली. सिंहगडावरचा फोटो आला: बापूची मुलगी, हातात पिठलं-भाकरी, मागे ढग. बटण दाबलं आणि सगळे वाकून बघायला लागलो.

कोरा कागद आत गेला, मागून थोडा डोकावला आणि पुढे आला तो नुसता पिवळा. त्या पिवळ्यात मुलगी आहे हे सांगूनही पटलं नसतं. परत आत. दुसऱ्या फेरीत किरमिजी चढला, चेहरा ताप आल्यासारखा लालबुंद झाला. तिसऱ्या फेरीत निळा आला आणि एकदम सगळं जागेवर बसलं: गवत हिरवं, ढग करडे, भाकरीवरचे भाजलेले डागसुद्धा दिसायला लागले. चौथ्या फेरीत रंग नव्हताच, वरून एक पारदर्शक थर बसला. सोन्यानं फोनवर वेळ लावली होती, पाऊण मिनिटाच्या जरा पुढे गेली. बापूनं कागदाच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांच्या पट्ट्या मोडून टाकल्या, फोटोवर पाण्याचे थेंब शिंपडले आणि रुमालानं पुसले. रंग हलला नाही.

मग त्यानं कारण सांगितलं, तेही सांगण्यासारखं आहे. हेड गरम होतं, रिबिनीवरचा रंग उष्णतेनं कागदाच्या थरात उतरतो. जितकी उष्णता तितका गडद. एकेका ठिपक्यात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा येतात, म्हणून ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ऐकायला कमी वाटलं तरी गालावर दाणे दिसत नाहीत. शाईच्या प्रिंटरला फिकट रंग दाखवायला ठिपके विरळ सोडावे लागतात.

नानांनी मात्र फोटो बाजूला ठेवून रिबिनीची डबी काढायला सांगितली. वापरलेला भाग हलक्या हातानं ओढून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरला. तिथे मुलगी उलटी उमटली होती, चेहरा गडद, केस फिके. नाना बराच वेळ तसेच उभे होते. "निगेटिव्ह," एवढंच म्हणाले. तीस वर्षं त्यांनी असंच फिल्म उजेडाकडे धरून पाहिलं होतं.

ताईंच्या डोक्यात दुसरंच आलं. "म्हणजे पॅनकार्डाचे, मुलांचे फोटो छापले आणि रिबिन तशीच कचऱ्यात टाकली, तर कुणीही बघेल की. कापून टाकायला हवी." बरोबर आहे ते. घरी असं मशीन असेल त्यानं हे लक्षात ठेवावं.

आता मूळ भांडण, स्क्रीनचं. मी सांगितलं की स्क्रीनवर आधी दिसतं, म्हणून फोटो वाया जात नाहीत. नाना लगेच आडवे आले. "रंगासाठी म्हणत असशील तर विसर. स्क्रीनच्या मागे दिवा असतो, कागदाच्या मागे नसतो. स्क्रीनवर झकास दिसलेला फोटो कागदावर एक पायरी काळपट येणार. आणि एवढ्याशा स्क्रीनवर हललेला फोटोही रेखीव दिसतो. मोठा करून डोळे बघायचे, मगच बटण."

"मग उपयोग काय तिचा?" सोन्याला हुरूप आला.

उत्तर ताईंनी दिलं. त्यांच्या वर्गाचा आडवा ग्रुप फोटो कुणीतरी फोनवर काढला होता. छापून आला तेव्हा मागच्या रांगेतल्या चार मुलांचे केस कपाळापासून कापले गेले होते आणि पुढच्या रांगेचे पाय गायब. "छापणाऱ्यानं आधी बघितलंच नव्हतं. ती चार पोरं आठवडाभर विचारत होती, बाई, आमचं डोकं कुठे गेलं?"

हिशेब आम्ही तिथेच मांडला. फोनच्या फोटोची लांबी-उंची चारास तीन. हा कागद १४८ बाय १०० मिलिमीटर. आडवा फोटो कागदाच्या लांबीला भरला की उंची १११ मिलिमीटर लागते आणि कागद असतो १००. एक सेंटीमीटरहून जरा जास्त पट्टी जाते, म्हणजे उंचीचा दहावा हिस्सा. डोक्यावर जागा सोडली नसेल तर डोकंच जाणार. स्क्रीनवर चौकट दिसते, ती सरकवता येते. रिबिनीच्या मशीनला हे जास्त महत्त्वाचं, कारण फोटो रिकामा असो की भरलेला, दर प्रिंटला चारही थरांचा एकेक पूर्ण तुकडा खर्ची पडतो. उरलेलं नंतर वापरू, ही सोय नाही. पाकिटं ३६ ची किंवा १०८ ची मिळतात, १०८ मध्ये ३६ च्या तीन रिबिनी. नाना म्हणाले, "३६ म्हणजे जुना रोलच. तेव्हा कसे मोजून फोटो काढायचे लोक!"

"हे सगळं फोनच्या ॲपमध्येही दिसतं," सोन्या म्हणाला. आणि ते खरं आहे. चौकट, उजेड कमी-जास्त, सगळं. फोन वापरणाऱ्या माणसाला स्क्रीनशिवायचा प्रिंटर चालतो. मी हे तिथेच कबूल केलं.

"पण माझ्या आईला फोनवर हे जमत नाही रे. तिला हे बघ." मी मशीनवरचं बाणाचं बटण दाबलं. पुढचा फोटो. परत दाबलं. पुढचा. "टच नाही. दाबलं की टक् असं बोटाला कळतं. बोट थरथरलं तरी फोटो पळत नाही. फोनमध्ये ही सोय कुठाय?"

ताईंना ए४ पानंही छापायची होती. बापूनं त्यांना एप्सनचा एल८१६० सांगितला: सहा रंगांच्या शाईची टाकी, सव्वाचार इंचाच्या वरची स्क्रीन. शाळेचं काम रोज असल्यामुळे हेड सुकायची भीती नाही, त्यांना तोच बरा. पण त्याची स्क्रीन टचची. माझ्या घरासाठी तिथेच फुली मारली. झिंकच्या छोट्या प्रिंटरचीही बात निघाली. त्याच्या कागदातच रंग असतो, पण फोटो दोन बाय तीन इंचाचा. आईला तो चष्मा लावूनही दिसायचा नाही.

सोन्या हरल्यावर रुसत नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं नवा मुद्दा काढला आणि तो मला अजून टोचतोय. "कार्डावर फोटो कोण टाकणार? तूच ना? म्हणजे निवड तूच केलीस. आई फक्त बटण दाबणार."

क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. मग ठरवलं की काहीच निवडायचं नाही. महिन्याचे सगळे फोटो कार्डावर जायचे, हललेले, अर्धवट, सगळे. एकाच फोटोच्या दहा प्रती असतील तर जास्तीच्या तेवढ्या वगळायच्या. सोन्यानं लगेच माझ्या बायकोच्या आयफोनचं सेटिंग बदलायला सांगितलं. २०१७ पासून आयफोन हाइक नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो, आणि कार्डावरून असं मशीन जेपेगच वाचतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कॉम्पॅटिबल' करायचं. व्हॉट्सॲपवरून आलेले टाकू नकोस, मूळ फोटो घे, हेही त्याचंच. चार बाय सहाला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. मूळ फोटोत ते कितीतरी जास्त असतात, व्हॉट्सॲप मात्र फोटो बारीक करून पाठवतं.

शनिवारी बापूबरोबर तपकीर गल्लीत जाऊन बापूनं आणलेल्याच्या पुढचा सीपी१५०० घेतला. स्क्रीन साडेतीन इंचाची. आईच्या खोलीत, देवघराशेजारच्या टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. कार्डावर चारशेच्या वर फोटो होते. मला वाटलं होतं, पहिला फोटो नातवाच्या वाढदिवसाचा निघेल.

आई खुर्ची ओढून बसली आणि एकेक बटण दाबत गेली. वाढदिवस गेला, गणपती गेला, कोकणची सहल गेली. पाऊण तास झाला. मधे मी दोनदा आत डोकावलो, तिनं मान वर केली नाही. एका फोटोवर ती थांबली. आमचा जुना वाडा पाडायच्या आदल्या दिवशी मी घाईत काढलेला फोटो होता, जुन्या फोनवरून सगळ्यांसोबत कार्डावर आलेला. चौकातला हौद, मागे जिन्याचा कठडा, डावीकडे अर्धं तुळशीवृंदावन. हललेला. मी स्वतः निवडायला बसलो असतो तर पहिल्या मिनिटाला पुसला असता.

"हा कसा काढायचा?" तिनं विचारलं. मी मोठं बटण दाखवलं.

पिवळा, किरमिजी, निळा. ती प्रत्येक फेरीला पुढे वाकत होती. फोटो हातात आला तेव्हा हललेलं स्पष्ट दिसलं, स्क्रीनवर कळलं नव्हतं ते. मी म्हणालो, "आई, हा नीट नाही आलाय."

"हौदाच्या कडेला माझी घागर आहे बघ," ती म्हणाली. मला ती घागर तोवर दिसलीच नव्हती.

मग तिनं तेच बटण पुन्हा दाबलं. दुसरी प्रत मावशीला, नारायण पेठेत.